मडकं वाजवून बघा, फोडू नका

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक तिशीतले आहेत. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गावाकडं शेती आहे. वडील आणि चुलते यांच्या वाटण्या झाल्यात, पण बांधाला बांध आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायचा त्यांना नाद. नवं अ‍ॅप, नवा नियम, नवी घोषणा आली की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते एक खोचक ओळ टाकतात. लोक हसतात, पुढं पाठवतात. शेतकरी ओळखपत्राची बातमी आली तेव्हा त्यांनी लिहिलं, "आधी माणसाचं आधार, आता शेताचं आधार. पुढच्या साली बांध ओलांडायला ओटीपी." दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ टाकली, "एकदा नंबर पडला की मुंबईत बसलेला माणूस बटन दाबून तुमच्या शेताला कुलूप लावणार." चुलत्यांनी ओळखपत्र काढलं नाही. ते नव्हतं म्हणून २०२५ च्या खरिपात पीक विमा भरता आला नाही. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन पाण्यात गेलं. चुलते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तूच म्हणला होतास की रं, कुलूप लागंल म्हणून." चुलतभाऊ तेव्हापासून बोलत नाही. वडील म्हणतात, टवाळी बंद कर. पत्रलेखक विचारतात, "मी गप्प बसलो तर ग्रुपवर उरतं काय? एक तर 'क्रांती झाली' म्हणणारे, नाहीतर 'हे शंभर जणांना पाठवा' म्हणणारे. शंका घेणं चूक आहे का, ताई? का माझी घ्यायची रीत चुकली?"

भाऊ,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, "दादांचं ओळखपत्र मी फेब्रुवारीतच काढून घेतलं होतं." पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथंच अडखळले. शेताला कुलूप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. स्वतःच्या वडिलांपुरती तुम्ही शंका घेतली, चौकशी केली, खात्री झाल्यावर काम उरकून टाकलं. ग्रुपवर मात्र त्यातली फक्त शंका गेली. चौकशी आणि खात्री तुमच्या घरातच राहिली.

टोचून बोलायचं म्हणून हे लिहीत नाही. ते वाक्य तुम्हाला गाळता आलं असतं. गाळलं नाहीत, म्हणजे ते तुम्हालाही सलत असणार.

आधी चुलत्यांबद्दल बोलू. पत्रात तुम्ही त्यांना दोनदा 'भोळे' म्हणता. मला ते भोळे वाटत नाहीत. आपल्या मराठवाड्यात जमीन आणि अंगठा या दोन गोष्टी जवळ आल्या की जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि दोन वर्षांनी पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघाली, ही गोष्ट माझ्या आजोळी सांगितली जायची, तुमच्याकडंही कुणीतरी सांगितलीच असेल. आता पुन्हा कुणीतरी सांगतंय की आधार आणा, सातबारा आणा, मशीनवर बोट ठेवा. त्याच वेळी घरातला शिकलेला, मोबाइल उघडून दुरुस्त करणारा पोरगा म्हणतो की कुलूप लागणार. चुलत्यांनी जे ऐकलं त्यावरून अगदी शहाण्या माणसासारखा निर्णय घेतला. चूक त्यांच्या हातात पडलेल्या माहितीत होती, त्यांच्या डोक्यात नव्हती. चुलतभावाशी बोलायला जाल तेव्हा हा फरक मनात पक्का ठेवा. बापाला कुणी भोळं म्हटलं की पोराला ते नुकसानीपेक्षा जास्त लागतं.

तुमच्या विनोदाबद्दल तुमचं म्हणणं आहे की, "हसण्यावारी लिहिलं होतं, खरं मानायचं नव्हतं." विनोद कुणाच्या हातात पडतो यावर त्याचं वजन ठरतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या तुमच्या मित्रानं 'बांधाला ओटीपी' वाचलं, हसला, विसरला. त्याचं त्या नंबरावर काहीच अडलेलं नाही. ज्याचं तीन एकर सोयाबीन त्यावर अवलंबून आहे तो तीच ओळ सूचना म्हणून वाचतो. पहिली ओळ मला आवडली, खरं सांगते. तिच्यात अतिशयोक्ती उघड दिसते, कुणी फसणार नाही. आणि आत एक खरी चिडही आहे, प्रत्येक कामाला नवा नंबर आणि नवा ओटीपी लागतो ही. दुसरी ओळ वेगळ्या जातीची आहे. तिच्यात अतिशयोक्ती दिसत नाही. तिच्यात एक माणूस आहे, एक बटन आहे, एक कुलूप आहे. ती बातमीच वाटते.

तुम्हाला २००० च्या नोटेतली चिप आठवत असेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि नव्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी कळेल, असं टीव्हीवरसुद्धा सांगितलं गेलं. तशी चिप नव्हतीच. गंमत म्हणून सुरू झालेलीही असेल ती गोष्ट, पण तिच्यात यंत्र होतं, खोली होती, उपग्रह होता. तपशील आला की थापेला अंग येतं.

आता त्या ओळखपत्रात खरं काय आहे ते बघू, कारण हेच वाचणाऱ्या आणखी बऱ्याच घरांत ही भीती आहे. ॲग्रिस्टॅक म्हणून जी योजना आहे, तिच्यात शेतकऱ्याचं आधार आणि त्याच्या नावावरच्या जमिनीची नोंद एकमेकांना जोडून एक क्रमांक देतात. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. जमिनीची मालकी त्या क्रमांकानं ठरत नाही. जमिनीची नोंद पूर्वीसारखी सातबाऱ्यावर आणि फेरफारावरच राहते. विकायची झाली तर पूर्वीसारखंच दुय्यम निबंधकाकडं जावं लागतं. कुलपाची भीती इथं संपते.

पण भाऊ, शंका इथं संपत नाही, आणि मला तुमच्यावर राग आहे तो याच जागी. कुलपाच्या एका ओळीनं तुम्ही किती खरे प्रश्न झाकून टाकलेत बघा. तुमच्याच गावात बटईनं किंवा ठोक्यानं शेती करणारी किती घरं आहेत? सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. घाम त्यांचा, बियाणं त्यांचं, नुकसान त्यांचं, आणि क्रमांक मालकाला. हा प्रश्न कुणी विचारला का ग्रुपवर? सामाईक खात्यातल्या बहिणींचं काय? बाप वारून वारस लागायचे राहिलेत त्या घरांचं काय? आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं? ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पेरा शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून नोंदवायचा, शेतात उभं राहून फोटो काढायचा. चांगली कल्पना आहे, तलाठ्याच्या मागं फिरायला नको. पण तुमच्या तालुक्यातनं दिवाळीच्या आगंमागं गाड्या भरून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यावर जातात, ती उन्हाळा लागताना परततात. रब्बीच्या पेऱ्याचा फोटो त्यांनी कुठून काढायचा? फडातनं? हा प्रश्न विचारायला तुमच्यासारखा माणूस लागतो, ज्याला अ‍ॅप कसं चालतं ते कळतं आणि गाडीवर कोण गेलंय तेही माहीत असतं. मुंबईतल्या पत्रकाराला हे सुचणं अवघड आहे.

म्हणून तुमच्या वडिलांचं 'बंद कर' मला पटत नाही. त्यांची काळजी कळते. पण शंका घेणाऱ्यांनी तोंड उघडलं म्हणून काय काय वाचलंय ते बघा. २०१५ मध्ये इंटरनेटवर काही सेवांना वेगळे दर लावायचा विचार चालला होता. तेव्हा काही तरुण विनोदी कलाकारांनी एक व्हिडिओ केला, लोक पोट धरून हसले, पण हसून झाल्यावर ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र कसं पाठवायचं तेही त्यात सांगितलं होतं. दहा लाखांवर ई-मेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं असे वेगवेगळे दर लावायला मनाई केली आणि फेसबुकचं फुकट इंटरनेटचं प्रकरण आपल्याकडं थांबलं. केंद्र सरकारच्या कामाबद्दलची माहिती खरी की खोटी ते सरकारनेच नेमलेल्या कक्षानं ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्यांत कुणाल कामरा हा विनोदी कलाकार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीच घालून द्यायची सूचना कंपन्यांना दिली. लोकांनी खासगीपणाचा प्रश्न लावून धरला, आणि काही दिवसांतच, ३ डिसेंबरला, सक्ती मागं घेतली गेली.

यातल्या पहिल्या गोष्टीपाशी जरा थांबा. तो विनोद तुमच्या विनोदापेक्षा फार चांगला होता असं नाही. त्याला पत्ता होता. हसून झालेल्या माणसाला पुढं कुठं जायचं ते कळत होतं. तुमच्या कुलपाच्या ओळीत चुलत्यांना जायला जागाच नव्हती. घाबरून घरी बसणं एवढंच उरलं.

आधारचंही असंच झालं. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. पुढची आठ वर्षं एक बाजू 'सगळा फ्रॉड' म्हणत होती, दुसरी 'सगळा चमत्कार'. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा तो दोन्ही बाजूंना पुरता मिळाला नाही. सरकारी अनुदानासाठी आधार चालेल, पण सिमकार्डाला आणि बँकेच्या खात्याला सक्ती करता येणार नाही, असं ठरलं. 'हे कुठं लागू, कुणाला लागू, नसेल तर काय' असे अरुंद प्रश्न विचारणाऱ्यांचं काम न्यायालयात टिकलं.

मी स्वतः उलट्या बाजूनं चुकलेली आहे. माझी आई औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. आयुष्यभर खुरपं धरलेली बोटं, रेषा उरल्या नव्हत्या. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा जुळेना. ती मला फोनवर सांगायची आणि मी म्हणायचे, "आई, हात धुऊन परत लाव, मशीन नवीन आहे, होतंय." मी तेव्हा नव्या यंत्रांवर फार विश्वास टाकायचे. तिनं तीन हेलपाटे मारले. तिसऱ्या खेपेला तिनं मला फोनच केला नाही, शेजारणीकडून उसनी ज्वारी आणली. हे मला महिन्याभरानं कळालं. मग मी शोधत बसले, तेव्हा सापडलं की अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसरी सोय करा, असं केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना २०१७ मध्येच कळवलेलं होतं. तो कागद छापून घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी आईला धान्य मिळालं. तिच्या शंकेला मी जागा दिली असती तर तो कागद मला पहिल्या खेपेलाच सापडला असता. तुम्ही शंका अर्धी सोडलीत, मी ती घेतलीच नाही. हेलपाटे दोन्हीकडं म्हाताऱ्या माणसानंच मारले.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती ती कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. मुक्ताईनं थापटणं बघितलं आणि विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं भाजलंय का कच्चं, ते कळायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून बघितलं. नामदेव रुसले, आणि तेच कच्चे निघाले. पुढं औंढ्याला जाऊन विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं, हा भाग सगळे सांगतात. मला त्या कथेत कुंभाराचा हात दिसतो. मडकं फुटेल असा तो मारत नाही. आवाज येईल एवढाच मारतो, आणि कान देऊन ऐकतो. शिवाय प्रत्येक मडकं वेगळं वाजवून बघतो. एक कच्चं निघालं म्हणून अख्खी भट्टी फोडत नाही, आणि एक पक्कं निघालं म्हणून बाकीची न वाजवता बाजारात नेत नाही.

तंत्रज्ञानाच्या बातमीला असंच वाजवून बघायचं. पहिला टोला असा की हे झालंय का होणार आहे? बातमीत 'विचाराधीन', 'प्रस्तावित', 'मसुदा', 'लवकरच' यातला एक शब्द जरी असला तरी ते मडकं अजून चाकावर आहे. आपल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला, तेव्हा अनेक ठिकाणी 'आजपासून नवे नियम' असं फिरलं. खरे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. एकाच कायद्याची बातमी तीनदा 'आली', आणि तिन्ही वेळा लोकांनी एकमेकांना अभिनंदन आणि शिव्या पाठवल्या. अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद सगळीकडं छापून आली. माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम याच कायद्यानं बदललं, ते मात्र फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळालं. गावात लाभार्थ्यांची यादी किंवा रोजगार हमीचं मस्टर मागणाऱ्याला उद्या 'वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर मिळालं तर काय, ही शंका तुमच्या ग्रुपवर यायला हवी होती. तुम्हीही दंडाच्या आकड्यावरच ओळ टाकलीत, पत्रात तसं लिहिलंय.

दुसरा टोला असा की कागद कुठं आहे? राज्य सरकारचा शासन निर्णय असेल तर तो शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत असतो आणि त्यावर संगणक संकेतांक असतो. फिरत्या फोटोवर तो संकेतांक नसेल किंवा टाकून बघितल्यावर दुसरंच काही निघालं, तर तिथंच कळलं. मंत्र्याचं भाषण म्हणजे शासन निर्णय नव्हे. निर्णय दोन-चार पानांचाच असतो बहुतेक वेळा. भाषा जड असते, पण तुम्ही मोबाइलचं सर्किट वाचता, हेही वाचाल. त्यात आधी शेवटची पानं बघा. कुणाला सूट आहे, तक्रार कुणाकडं करायची, मुदत किती, हे तिथं असतं, आणि बातमीत नेमकं तेवढंच गळतं.

फसवणुकीच्या बाबतीत मात्र वाजवून बघायच्याही भानगडीत पडू नका. 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल ग्रुपवर येते, ती उघडली की फोनमधले मेसेज, ओटीपी सगळं चोराच्या हातात जातं. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी तसल्याच खोट्या साइट फिरत होत्या. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कुठल्याच कायद्यात नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकं बरं. यावर विनोद करू नका. कारण तुमच्या ग्रुपला आता सवय झालीय, तुमचा मेसेज दिसला की हसायचं. खऱ्या चोराबद्दल तुम्ही लिहाल तेव्हा ते हसून पुढं जातील. ग्रुपवर दोन वेगळ्या खुणा ठेवा. गंमत असेल तर 'गंमत' असं लिहा, आणि तपासलेलं असेल तर 'बघून सांगतो' अशी सुरुवात करा. विनोदाची धार थोडी जाईल. जाऊ द्या.

तुमच्यासारखीच पत्रं मला आणखीही येतात. कुणाची सून सासूला फोन शिकवताना वैतागते, कुणी मास्तर शाळेच्या ग्रुपवर रोज एक 'ब्रेकिंग' टाकतो. प्रत्येक गावात, प्रत्येक भावकीत एक जण असा असतो ज्याला फोनमधलं जास्त कळतं, आणि त्याच्या एका ओळीवर पाच-पंचवीस माणसं निर्णय घेतात. त्या माणसांना माझं सांगणं आहे की शंका टाका, पण तिच्याबरोबर तुम्ही स्वतः काय केलंत तेही लिहा. 'मला अजून खात्री नाही, पण दादांचं मी काढलंय, कारण विम्याला लागतं.' एवढी एक ओळ फेब्रुवारीत गेली असती तर चुलत्यांनी ती आधी वाचली असती.

आता त्यांच्याकडं जायचं. मेसेज करू नका, फोनही नको, समोर जा. 'मी चुकीचं लिहिलं होतं, आणि दादांचं मात्र काढलं होतं' हे दोन्ही सांगा. दुसरं सांगताना जीभ अडेल, पण चुलतभाऊ जे मनात धरून बसलाय ते बहुधा तेच आहे. त्याला ते दुसऱ्याकडून कळालेलं असणार, खेड्यात अशा गोष्टी लपत नाहीत. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा धरू नका. आणि स्वतःवर नुकसानीचा सगळा भारही घेऊ नका. २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला, खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न किती घटलं त्यावर ठरते. विमा असता तर किती हातात आलं असतं हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कागद चुकला तो तुमच्यामुळं, पाऊस तुमच्यामुळं पडला नाही.

शिवाय विमा वेगळा आणि शासनाची अतिवृष्टीची मदत वेगळी. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि विमा नाही म्हणून मदतीचीही चौकशी सोडून देतात. पंचनाम्याच्या यादीत चुलत्यांचं नाव आहे का, मदतीसाठीचा विशिष्ट क्रमांक आलाय का, हे तलाठ्याकडं विचारा. क्रमांक आला असेल तर सेतूवर ई-केवायसी करून घ्या, नाव नसेल तर तहसीलदारांच्या नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचा, तीस दिवसांची मुदत. ओळखपत्राची नोंदणीही सीएससीवर, म्हणजे सामाईक सेवा केंद्रावर, त्यांच्याबरोबर जाऊन करा. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, सातबारा आणि आठ-अ सोबत असू द्या. बोट ठेवायच्या आधी पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, कितीही रांग असली तरी. 'इथं काय लिहिलंय' हे विचारायचा हक्क त्यांचा आहे, आणि मागच्या वेळी तो त्यांना कुणी दिला नव्हता.

रब्बीची पाहणी तुमच्याकडं सुरू असेल तर त्यांच्या हरभऱ्याची नोंदही लागलीच करा. त्यांच्या फोनवर अ‍ॅप चालत नसेल तर तुमच्या फोनवरून होतं, एका फोनवरून बऱ्याच खातेदारांची नोंद घेता येते. गटात उभं राहूनच फोटो घ्यावा लागतो, म्हणून सकाळीच निघा. जमलं तर शेजारच्या बांधावरचं घर ऊसतोडीला गेलं असेल, त्यांना कारखान्यावर फोन करून विचारा, तुमचं कोण करणार आहे? गावात त्यासाठी सहायक नेमलेले असतात, त्याला गाठून त्या घरांची यादी हातात द्या, आणि ती यादी ग्रुपवर टाका.